बाकी एक फ्लोरिन

हॅलिफॅक्सच्या झाकल्या बाजारात, मोठ्या घड्याळाखाली
माझा दीड माणसाचा गाळा.
पाटीवर तीनच शब्द: चांदी. वजनावर. रोख.
एकोणीसशे वीसच्या आधीचं साडेब्याण्णव टक्के,
नंतरच्यात निम्मी भेसळ,
सत्तेचाळीसपासून तर चांदीचं नावही नाही;
एवढं पाठ असलं की या धंद्यात पोट भरतं.

मंगळवारी डोरीन अक्रॉइड आली.
टॉफीचा डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला,
आत कुणी झोपल्यासारखा.
"बॉयलर गेला," म्हणाली. कारण एवढंच.

झाकण काढलं तर नाणी दिसेचनात.
नुसत्या पुड्या, टाकून दिलेल्या बस-तिकिटांच्या,
अंगठ्याएवढ्या,
आणि प्रत्येकीवर शिसपेन्सिलीची बारीक ओळ.

बासष्ट ते एकाहत्तर ती कंडक्टर होती.
जुनं नाणं तिला बघावं लागत नसे,
चामडी पिशवीत पडतानाच कळायचं:
नव्याचा आवाज बद्द,
जुनं किणकिणायचं, आणि वळणापर्यंत किणकिणत राहायचं.
मग स्वतःच्या पर्समधलं तेवढंच पिशवीत टाकायचं
आणि ते उचलायचं.
"चोरी नाही हं. पै न पै भरलेली आहे."

मी पुड्या सोडत गेलो. वजन करायचं राहूनच गेलं.

*शिलिंग, १९०२. क्वीन्सबरीचा चढ. धुकं एवढं
की टॉर्च घेऊन मी बसच्या पुढे चालत.*

*सहा पेन्स, १८८७. मिसेस पिकल्स,
नवऱ्याला पुरायला निघालेली. सुट्टे नको म्हणाली.*

*हाफ-क्राउन, १९१७. मिरपूरचा मुलगा, गिरणीत पहिला आठवडा.
कोणतं नाणं केवढ्याचं, कळेना. तळहातच पुढे केला.
उरलेले मोजून दिले. दोनदा.*

*तीन पेन्स, साल झिजलेलं. सीटच्या फटीत,
ख्रिसमसनंतरची पहिली फेरी. मनुका चिकटलेली.*

राणीचं नाक गेलेलं, राजाची दाढी गुळगुळीत,
कडेचे कंगोरे बोटांनी खाल्लेले.
संग्राहकाला हा माल नको असतो;
त्याला हवं असतं ज्यानं कधीच काही विकत घेतलं नाही
असं नाणं.

एक किलो, दोनशे दहा ग्रॅम.
बॉयलर येत होता, वर प्लंबरचा चहा.
तिनं तिकिटं परत मागितली.
म्हटलं, कागद मी वजनात धरलेला नाही.
"ठाऊक आहे," म्हणाली,
आणि चष्मा कपाळावर सारून
एकेक सपाट करत बसली. तासभर.
दोन गिऱ्हाइकं तिला वळसा घालून गेली.

एक पुडी मात्र मुठीतच होती.
तिकिटाची नव्हे, कोऱ्या कागदाची.
फ्लोरिन, १८९६. वर एक शब्द: बाकी.
चौसष्टचा नोव्हेंबर, पगाराला दोन दिवस,
पर्समध्ये एक बटण.
बदली टाकायला काही नव्हतं,
आणि नाणं तर असं वाजलेलं!
घेतलं. त्या माणसाला तिकीटच फाडलं नाही.
सोमवारी भरेन.
सोमवारी फेरी बदलली.
मग बसचा रंग बदलला, कंपनीचं नाव बदललं,
मग पैसेच बदलले.

"आता कुणाला देऊ?"
खरंच विचारलं तिनं,
परक्या गावात रस्ता विचारावा तसं.

मला काही सुचलं नाही.
"मग तुमच्याकडे असू दे. कुणी मागायला आलं तर द्या."
पावती मागितली. मी लिहून दिली.

बाकीची चांदी शुक्रवारी बर्मिंगहॅमला गेली, मुशीत.
फ्लोरिन माझ्या खणात आहे, कोऱ्या कागदात,
रबरबँड आणि मोडक्या साखळ्यांच्या मागे.
तेव्हापासून गाळ्यासमोर कुणी टोपीवाला थांबला
की माझा हात आपसूक खणाकडे जातो.

परवा एक आला.
त्याला घड्याळाचा सेल हवा होता.