छाट

मार्च अखेर. नव्या पेठेतल्या जिन्याखालच्या ऑफिसात
पंखा गरम हवाच फिरवतोय, आणि मी
गाजुलशेठच्या टॉवेल कारखान्याचे कागद लावतोय.
घसारा. वीजबिलातली सवलत. व्याजाचा परतावा.
साहेब म्हणतात, याला प्रोत्साहन लिहायचं.
मी प्रोत्साहन लिहितो.
शेठ चहा मागवतात, बशीत ओततात,
"आम्ही भरायचं अन् त्या कुंभारीकडच्यांनी फुकट खायचं,
कसं चालायचं राज्य?"

मी कुंभारीकडचाच. घरकुलातला.
माझंही विवरण मीच भरतो, सगळ्यात शेवटी:
देय कर शून्य.
चहा मात्र गोड होता. प्यायलो.

भिंतीला भिंत लागून पोशव्वाक्का.
मांडीवर सूप, सुपात पानं, कात्रीची चिकचिक.
हजार वळून नेल्या की कारखान्यात
पन्नास-साठ तरी बाजूला पडतात:
ही सैल, ही वाकडी, हिचं तोंड उघडं.
छाट.
छाटीचे पैसे मिळत नाहीत,
छाट परतही मिळत नाही.
तिची पावती कुणी फाडत नाही.

महिन्याच्या सुरुवातीला सहज म्हणालो होतो,
अक्का, बिलं ठेव जपून, बघू तरी.
किराणावाला कुरकुरला, एवढ्याशा साबणाला बिल?
तिने घेतलंच.
साबण, नातवाची बिस्किटं, गुडघ्याचं मलम,
मोबाइलचं रिचार्ज, कुकरची शिट्टी,
पंचवीस बिलं झाली तशी दोऱ्याने बांधून
तिने त्यांचा चक्क कट्टा केला.

रविवारी आम्ही ओट्यावर बसून कर वेगळा काढला.
प्रत्येक बिलाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत
दोन ओळी, अर्धा राज्याचा, अर्धा केंद्राचा.
बेरीज काही मोठी नव्हती.
शेठच्या कागदावर ती
जवळच्या रुपयात जिरून गेली असती.
इथे ती निघाली
सव्वा दिवसाच्या बिड्या.

मला वाटलं, चिडेल.
ती म्हणाली, "म्हणजे मी पण भरते की!"
आणि भिंतीपलीकडे तेलुगूत ओरडून सांगितलं.
पलीकडे हशा झाला, त्याच्याही पलीकडे झाला,
मग एकेका घरात कात्र्या थांबल्याचं
ऐकू आलं.

एप्रिलचं रेशन. दुकानदार म्हणाला,
"फुकटचं आहे ना, मापाकडे काय बघतेस?"
तिने पिशवीतून कट्टा काढला
आणि काट्यावर ठेवला.

रात्री मला सांगत होती, हसत, पानं भिजवत,
"काट्यावर काय आलंच नाही रे.
शून्य शून्य शून्य."
मग?
"मग काय. बिलं उचलली, तांदूळ घालायला लावला.
आकडा पुरा होईपर्यंत पिशवी हलवली नाही.
मागची लाइन ओरडत होती. ओरडू दे."

आणि बिलं?
"आहेत की.
दुसरा कट्टा चालू केलाय."