हातचा

निविदेत शंभर गुण होते.
साठ किमतीला, पस्तीस कामाच्या दर्जाला,
आणि उरलेले पाच,
ज्यांच्यासाठी मी ग्लासगोच्या बैठकीत तीन तास भांडले
अंगातला कोटही न काढता,
कारण शेवटची बोट सव्वापाचची होती,
ते पाच आमच्या बेटाला.

पाच गुणांत मावून मावून काय मावतं?
कलम सतरा. शिकाऊ कामगार दोन, इथलेच.
मजुरांचा पाव एफी मॅकआस्किलच्या भट्टीतला.
उरलेला दगड दफनभूमीच्या कुंपणाला,
जे दोन हिवाळे मेंढ्यांनाही जुमानत नव्हतं,
की मेंढ्या त्याला, कोण जाणे.
वकील म्हणाला, "पाव? करारनाम्यात?"
म्हटलं, लिहा. छोटासा तर शब्द आहे.

ठेकेदार मुख्य भूमीवरचा.
त्याच्या पहिल्या बार्जवर सिमेंट, डिझेल, फिरते संडास
आणि गोठवलेल्या पावाची चार खोकी.
मी जुन्या धक्क्यावर उभी,
करारनामा छातीशी, आणि वाऱ्यानं त्याची पानं
धरलेल्या कोंबडीसारखी फडफडत होती.
त्यानं खोकी परत पाठवली.
हसत पाठवली. पण पाठवली.

तेव्हापासून पहाटे तीनला एफीच्या खिडकीत दिवा.
आधी पिठाची उधारी फिटली,
मग भाची हाताखाली आली,
मग एक दिवस मला म्हणाली,
"तुझ्या त्या सतराव्या कलमानं माझे गुडघे गेले, बाई,"
आणि एक गरम पाव माझ्या पिशवीत कोंबला.
(तो मी भेटवस्तूंच्या वहीत नोंदवला. किंमत दीड पौंड.)

शिकाऊ दोघं.
मुरिएल, मोजणीच्या दुर्बिणीमागे एक डोळा मिटून
सबंध समुद्राला सरळ रेषेत आणणारी.
आणि टॉर्मोड,
ज्याच्यापुढे शाळेनं हात टेकले होते.
ओहोटीच्या दोन तासांत, गुडघाभर पाण्यात
खांबाला जोड देताना
त्याचा हात एकदाही हलला नाही.
मी पाहिलंय. काळ्या काचेतून, त्यानंच दिलेल्या.

धक्का पुरा झाला. फीत कापली.
पहिली मोठी बोट लागली
आणि तिच्यातूनच टॉर्मोड गेला. ॲबर्डीनला.
चढताना त्यानं कठड्यावरच्या आपल्या जोडावर
अंगठा फिरवला, एकदाच.
त्याची आई माझ्या शेजारी उभी होती.
काही म्हणाली नाही.
म्हणाली असती तर बरं झालं असतं.

अहवालात छापील रकाना:
शिकाऊ कामगार दोन. उद्दिष्ट पूर्ण.
मी बरोबरची खूण केली
आणि पेन तिथंच अडलं.

शाळेत बाई शिकवायच्या,
आठ आणि सात पंधरा,
पाच मांडा, एक हातचा.
हातचा वर बारीक लिहायचा,
विसरला की अख्खी बेरीज खोटी.
आता हा शिकून गेलेला मुलगा
मिळवायचा की वजा करायचा,
बाईंनी सांगितलं नव्हतं.

टेबलावर शाळेच्या छपराची निविदा आहे.
मापं मुरिएलनंच घेतलीत.
बेटासाठी मी आठ गुण लिहिले, खोडले,
दहा लिहिले,
आणि समासात पेन्सिलनं, अगदी बारीक, एक.

लेखापरीक्षकानं विचारलं, हा एक कसला?
म्हटलं, नंतर सांगते.
बोट चुकेल माझी.