तिसरा खण, डावीकडे

कुताइसीत त्या हिवाळ्यात वीज यायची पहाटे तीनला,
तासभर. कधी तेवढीही नाही.
आमच्या घरात मेणबत्त्या होत्या,
कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.
बाबा खुर्च्यांना ठेचकाळायचे, आई काडेपेटीला शिव्या द्यायची
आणि शेवटी मला वर पिटाळायची:
जा गं, वार्लामकाकाकडून चार काड्या आण.

वार्लाम दार उघडायचा दिव्याशिवाय.
मोटार कारखान्याच्या भट्टीपाशी डोळे गेले त्याचे,
माझ्या जन्माआधी कधीतरी.
"मक्वाला ना? पायपुसण्यावरच थांब."
मग ऐकू यायची सात पावलं सरळ,
उजवीकडे तीन,
खण उघडल्याचा आवाज, मिटल्याचा आवाज,
आणि माझ्या तळहातावर चार काड्या.
मोजून.

पाच मजल्यांच्या त्या इमारतीत
फक्त त्याच घरात अंधार पडला नव्हता.

नाझीब्रोला मुळात काही टापटिपीची नव्हे.
आई तिच्या वर्गातली. सांगायची,
हिच्या दप्तरात पेन्सिल सापडली तर घंटा वाजवायचो आम्ही.
पण लग्नानंतर, डोळे गेल्याच्या पहिल्याच वर्षी,
तिने एक बादली ठेवली होती बोळात.
नुसती ठेवली होती, उचलणारच होती.
त्याच्या भुवईवरचा तो पांढरा वण
त्या बादलीचा.

त्यानंतर त्या घरात काहीही "नुसतं ठेवलेलं" नव्हतं.
मिठाच्या बरणीला सुतळी, साखरेची उघडी.
आंबट अलुबुखारांच्या चटणीच्या बाटल्यांना गाठी:
यंदाची एक, गेल्या सालची दोन.
बहिणीने तिबिलिसीहून मिक्सर पाठवला, नवा कोरा,
तो तीन आठवडे दाराशी उभा होता
जागा मागायला आलेल्या माणसासारखा.
चौथ्या आठवड्यात परत गेला.
भांडणं व्हायची त्यांची, जोरात, खाली ऐकू येतील अशी.
एकदा तिने बशी फोडली भिंतीवर.
मग कितीतरी वेळ केरसुणीचा आवाज,
आणि नंतर, मला वाटतं, हाताने लादी चाचपल्याचा.
रागातसुद्धा एक काच राहू द्यायची नाही
ज्याच्यावर रागावलोय त्याच्या पायाखाली.

मी आता दुसऱ्या शहरात राहते.
रविवारी घर आवरते, डबे, झाकणं, चिठ्ठ्या चिकटवून,
बुधवारपर्यंत टिकतं.
माझ्या घरात कुणी पडत नाही बादलीला अडखळून.
तेच कारण असेल.

वार्लाम गेला त्याला दोन वर्षं झाली.
या ईस्टरला वर गेले, रंगवलेली अंडी घेऊन.
नाझीब्रोला खिडकीत बसली होती, खुर्ची उन्हात ओढून.
म्हणाली, "आता कुठेही काहीही ठेवते बघ.
परवा चष्मा हरवला. तीन दिवस शोधला.
मजा आली."
आणि हसली, दप्तरवाल्या मुलीसारखी.
मला बरं वाटलं. मग तिच्या पायांकडे लक्ष गेलं:
पाण्याला उठली तेव्हा वळसा घालून गेली
खुर्ची जिथे तीस वर्षं होती
त्या मोकळ्या जागेला.

संध्याकाळी म्हणाली, मूर्तीपुढे मेणबत्ती लाव,
काड्या आण.
कुठे आहेत ते सांगितलं नाही तिने,
मी विचारलं नाही.
बोळ रिकामा होता.
सात सरळ. उजवीकडे तीन.
पाऊल मोठं झालंय माझं, म्हणून शेवटी भिंतीवर आपटले,
आणि तेव्हा कुठे ध्यानात आलं
की बटण दाराशीच होतं
आणि वीजही होती.