तीस सेकंद

बारावीच्या बॅचला मी दरवर्षी सांगते :
थेंब थेंब सोडा. घाई केली की एका थेंबात
सगळं गडद होतं, मग फेकूनच द्यावं लागतं.
फिकट हवा. गुलाबी आहे की नाही
असा संशय यावा इतका फिकट,
आणि फ्लास्क हलवूनही तीस सेकंद टिकला
तर वाचन घ्या.

आज तृणाली भोयरनं विचारलं,
"मॅडम, तीसच का? एकतिसाव्याला उडाला तर?"
बाकीच्या हसल्या. तिचं लक्ष खिडकीबाहेर,
सायकल स्टँडवर कुणाच्या तरी पाठीकडे.
उडतोच, म्हटलं. हवेतला कार्बन डाय-ऑक्साईड
हळूहळू उडवतो. त्यात तुझी चूक नसते.

हिंगणा रोडवरची ही लॅब. पंखे चार, फिरतात दोन.
एप्रिल. बेचाळीस डिग्री.

माझा रोल नंबर एक्केचाळीस होता, निमजे.
बेचाळीस लोमेश निनावे.
इंग्रजी वर्णमालेनं जुळवलेली जोडी,
एक ब्युरेट, एक स्टँड, तीन वर्षं.
तो वाचायचा, मी लिहायची.
त्याचं "दहा पूर्णांक दोन" अजून कानात आहे,
चेहरा मात्र आठवावा लागतो.

लग्न होणार हे सगळ्यांनीच धरलेलं.
आड यायला काही नव्हतंच :
दोन्हीकडे कोष्ट्यांची घरं,
त्यांचे माग गोळीबार चौकात चालू,
आमचे केव्हाच भंगारात गेलेले.
आईनं तर चहाचा एक सेट वापरायचा ठेवला होता.
मग तो बुटीबोरीला लागला, शिफ्टमध्ये.
मी बी.एड.ला.
भांडण? नाही आठवत.
एका रविवारी पोह्याच्या ठेल्यावर
त्यानं दोन प्लेटा सांगितल्या.
तोवर एकच घ्यायचो, तर्री तीनदा मागून.
त्याची संपली. माझी संपली.
पैसे त्यानं दिले, मी नको म्हटलं नाही.
एवढंच झालं.

श्रीरंगला मी लग्नाआधी
एकूण पंचवीस मिनिटं भेटले होते,
त्यातली दहा त्याच्या मामांनी घेतली.
ते टिकलं. कसं,
ते मला लॅबमध्ये दाखवता यायचं नाही.

आणि तिकडून राहिले ते कोहाडजी.
फायनलच्या परीक्षेत आमचा कूलर बंद पडला
तेव्हा लोमेशनं सायकलवर डबलसीट आणलेला माणूस.
बावीस वर्षं झाली. दर एप्रिलला येतात,
पंपातला गाळ काढतात, वाळ्याच्या ताट्या बदलतात.
श्रीरंग खाली स्टूल धरून उभा,
आणि वरून, दातांत खिळे धरून, बातम्या :
"निनावेसायबाइनं फ्लॅट घेतला, मनीषनगरले."
"पोरगी लय हुशार हाय त्याइची, बाप्पा."
"मागच्या साली बायपास झाली. आता बरे हायेत."

श्रीरंगला सगळं ठाऊक. त्यानंच एकदा विचारलं,
"तिकडेही वाळाच लावता, की वूडवूल?"
वाळाच, म्हटल्यावर
का कोण जाणे, खूश झाला.

यंदा कोहाडजी आले, चढले, उतरले,
हात धुतले. काहीच बोलले नाहीत.
बावीस वर्षांत पहिल्यांदा मीच विचारलं,
"तिकडचं काय?"
"तिकडं एसी लागला न मॅडम, तिन्ही खोल्याइत.
आता जानं होत नाही."

पैसे मोजून घेतले, खिळ्यांची पुडी खिशात टाकली,
"पुढच्या साली मोटर पाहा लागंन," म्हणाले.

पाणी सोडलं. ताट्या हळूहळू भिजत गेल्या
आणि तो वास घरभर आला.
श्रीरंग विचारत होता, स्टूल आत ठेवू का?
राहू दे, म्हटलं,
थोडा वेळ.