किल्ल्याची किल्ली

एकोणीस किल्ल्या आहेत लुडविक व्रोबेलच्या कमरेला.
त्यातल्या अकरा कशाच्याच नाहीत.
ती कुलपं गेली, ती दारं गेली,
दारूगोळ्याच्या कोठीचं लोखंडी दार तर
दुसऱ्या युद्धात भंगारात गेलं म्हणे.
किल्ल्या तो टाकत नाही.
चालताना वाजतात. उंदरांना कळतं, आला.

सरोवराकाठचं शहर, हिवाळ्यात शिशाच्या रंगाचं.
नगर शस्त्रागार : चार बुरूज, लाल विटा,
भिंती इतक्या जाड की आत मोबाइल मुका होतो.
एवढा कोण शत्रू होता?
समुद्र कुठल्या कुठे.
पलीकडच्या काठावर कॅनडा,
उसनी साखर मागायला येणारा.
बुरुजांच्या जंग्या नीट पाहा,
सरोवराकडे एकही नाही.
सगळ्या वळल्यात खालच्या आळीकडे,
धान्याच्या कोठारांकडे,
फावड्याने गहू उपसणाऱ्यांच्या लाकडी घरांकडे.

व्रोबेल म्हणजे पोलिश भाषेत चिमणी.
पाखरू. कारखान्याची नव्हे.
पण लुडविकचे आजोबा, इग्नात्सी, दोन्हींच्या मधले :
तोंडात गव्हाची धूळ, दिवसाला दीड डॉलर,
आणि संपाच्या सातव्या आठवड्यात
याच फाटकासमोर, बर्फात, रिकामे हात दाखवत उभे.
आतून कुणी गोळी झाडली नाही.
झाडली असती, एवढंच.
तेवढ्यावर ते आयुष्यभर या रस्त्याने गेले नाहीत,
चर्चला जायचे ते वळसा घालून.

आणि नातू बघा, झाडतो तीच जमीन.

मेपलच्या फळ्या. कवायतीसाठी घातलेल्या.
वाकून पाहिलं तर पाटीसारखी दिसते,
कुणीच नीट न पुसलेली :
बास्केटबॉलचा पिवळा अर्धगोल,
मुष्टियुद्धाच्या रिंगणाची चार भोकं,
(इथे एकदा लेम्युअल टॅगर्ट नवव्या फेरीत पडला
आणि उठला, आणि का उठला हे त्यालाही सांगता आलं नाही)
फ्लूच्या साथीतल्या खाटांच्या पायांचे ठसे,
शनिवारच्या नाचात मोडलेली एक टाच
अजून फटीत आहे, काळी, चमकती.
पोलका वाजायचा तेव्हा लुडविकची आई
पलटणीच्या झेंड्याखाली घामाघूम व्हायची.
घरी सासऱ्यांना सांगायची, जपमाळेला गेले होते.

मग छप्पर गळायला लागलं, आणि शहराला गरीब आठवले.
एक्केचाळीस नंबरची खाट ओडेसा प्रुइटची.
रायफली उभ्या करायच्या खोबणीत
ती छत्री ठेवायची, आणि घरातून वाचलेली एकुलती एक चीज,
पडद्याची दांडी.
"खिडकी मिळेल तेव्हा लागेल," म्हणायची.
चौथ्या हिवाळ्यात मिळाली.
दांडी विसरली.
लुडविकने ती बुरुजात नेऊन ठेवली आहे,
आली तर द्यायला.

परवा दोघं आले, स्वच्छ बुटांचे.
वर घरं होणार, खाली कॉफी.
जंग्यांना काचा बसवून "नजारा" विकणार.
त्यांच्याकडे फॉर्म होता. एक रकाना :
इमारतीचा मूळ उपयोग.
लुडविकने पेन घेतलं, टोक चावलं,
आणि विचारलं, खरा लिहू की दारावरच्या दगडातला?
ते हसले. म्हणाले, राहू द्या, आम्ही भरतो.

जाण्याआधी तो वर चढला.
पश्चिमेच्या जंगीत चिमण्यांनी काड्या भरल्यात,
दोन विटांच्या फटीतून उजेड बोटभर येतो.
डोळा लावला.
समोर, नेमक्या रेषेत, त्याचंच स्वयंपाकघर.
बायको बटाटे सोलत होती.
नेम धरल्यासारखी दिसत होती.
तो पटकन मागे झाला.

खाली त्याने किल्ल्या सोडवल्या. आठ मोजून दिल्या.
"आणि बाकीच्या?"
"त्यांनी काही उघडत नाही."
"मग द्या की."
"नाही," लुडविक म्हणाला,
आणि अकरा किल्ल्या वाजवत
समोरच्या रस्त्याने, वळसा न घालता,
घरी गेला.