बेदाण्याचं घर

द्राक्षं सावलीत वाळतात.
सावळजबाहेर कुणाला सांगितलं तर पटत नाही.
थेट ऊन लागलं की मणी काळा पडतो, मग भाव पडतो,
म्हणून चौगुल्यांनी शेड बांधताना आधी वारा बघितला,
आठ दिवस रानात पंचा टांगून,
मग खांब रोवले.
जाळीचे आठ मजले, चारी बाजू मोकळ्या,
वर पत्रा, पत्र्याखाली हातभर पोकळी,
अंगाला हिरवं कापड.

माझ्या घरासाठी वारा कुणी बघितला नाही.
गवंडी आला, रस्ता कुठंय विचारलं,
रस्त्याकडं दार केलं आणि मावळतीला भिंत घातली.
दोन खोल्या, वर स्लॅब.
रात्री अकराला भिंतीला पाठ टेकली
तर नुकत्याच भाकरी उतरवलेला तवा.

प्रज्योत मस्कतला एसी बसवतो.
दिवसभर शिडीवर, लोकांच्या खिडकीबाहेर,
खोलीतनं हुसकलेली गरमी आधी त्याच्या तोंडावर.
"आई, गारवा तयार होत नाही गं," म्हणतो,
"नुसती इकडची गरमी तिकडं."
शेजारणीच्या दारात केर लोटल्यासारखं, म्हटलं मी.
हसला. हसता हसता खोकला.

शुक्रवारी त्याला सुट्टी, मला जेवणाची अर्धी घटका.
त्यांच्या खोलीत सहाजण,
आणि खोलीतला एसी महिनाभर बंद.
मग पडल्या पडल्या एकेकाची घरं निघतात.
गुलशेर सिंधचा. त्याच्या आजोळी म्हणे
खोलीखोलीच्या डोक्यावर एक तिरकं धुराडं,
धुरासाठी नव्हे, वारा गिळून खाली सोडायला.
हानी इजिप्तचा. त्यांच्या जुन्या गल्लीत
लाकडी जाळीच्या खिडकीत पाण्याचा माठ,
वारा माठाला अंग घासून आत यायचा.
मी कुंभाराची लेक,
आणि जन्मभर माठ ठेवला कोपऱ्यात,
वारा नसतो तिथं.

तिसरा फिलिपिन्सचा, नाव माझ्या जिभेवर बसत नाही.
त्याच्या आईचं घर खांबांवर, जमीन बांबूच्या फटींची,
खालनं वारा येतो, सांडलेलं पाणी पुसावं लागत नाही.
म्हणजे रॅकच की, म्हटलं मी.
आणि कुठल्या जपानी साहेबाची बायको
संध्याकाळी पळीनं दारात पाणी शिंपते.
"सडा? शेणाचा?"
"नुसत्या पाण्याचा."
अर्धाच सडा झाला, पण बाई शहाणी आहे.

दुपारी मी आणि रुक्साना पेंढारी
तळच्या जाळीखाली आडव्या होतो.
डिपिंगच्या तेलाचा वास, कपाळावर एखादा थेंब,
आणि वारा असा, की पदर धरून ठेवावा लागतो.
चौगुले काही बोलत नाहीत.
येऊन थर्मामीटर बघतात,
तो मण्यांसाठी आहे.

"आई, एक एसी घे. हप्ता मी भरतो."
लाईट बिल झेपायचं नाही, म्हटलं.
खरं ते बोलले नाही:
त्याचा मागचा डबा लावायला एकच जागा,
समोर शिरगुप्प्यांच्या चुलीची खिडकी.
तिथं त्यांची सून, सातवा महिना.

शेडचं फाटकं कापड शंभर रुपयांना आणलं,
मावळतीच्या भिंतीपासून हातभर लांब बांधलं.
माठ खिडकीत चढला.
काल उन्हं कलल्यावर स्लॅबवर चुना ओढला,
केरसुणीनं, दोन हात, फेविकॉल घालून.
कोपरापर्यंत कातडी चुरचुरत होती
आणि डोळ्यांपुढं इतकं पांढरं,
की खाली उतरायची शिडी सापडेना.

आज फोन. नकाशात आपलं घर शोधलं म्हणे,
वरनं, आभाळातनं काढलेल्या फोटोत.
"राखाडीच दिसतंय की गं."
जुना असंल तो, म्हटलं.
"ओढ्यापासून तिसरं, बरोबर?"
बरोबर.
त्यानं अजून मोठं केलं असणार.
बराच वेळ काही बोलला नाही.
मागं कुणीतरी त्याच्या भाषेत घोरत होतं,
आणि माझ्या खिडकीत
माठाच्या बुडाशी एक थेंब जमत होता,
पडेना.