पोटात घातलेलं

बाबांच्या बोटीला दोन दारं होती.
घराला लावतात तसली नव्हेत,
लोखंडी, प्रत्येकी सहाशे किलोची,
जाळ्याचा जबडा उघडा राहावा म्हणून
समुद्राच्या तळावरून फरफटत जाणारी.
दर सोमवारी पहाटे तीनला
'हेडविग' धक्क्यावरून सुटायची
आणि आईच्या बोटांना कोळंबीचा वास
शुक्रवारपर्यंत.

मी चिखल वाचायला शिकले.
गोथेनबर्गला, एका तळघरात,
चार अंशांच्या खोलीत मोजे चढवून
नळीतून आणलेला फ्योर्डचा तळ
पावासारखा कापते, सेंटिमीटर सेंटिमीटर.
वरचा तपकिरी, मऊ, कालपरवाचा.
खालचा काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा.
पंधराव्या चकतीत कागद गिरणी बोलू लागते:
तिचा पारा,
आजोबांच्या तिथल्या पहिल्या पगाराच्या सालचा.
गिरणीनं तो नदीत सोडला, नदीनं खाडीत,
आणि समुद्रानं मोठ्या मनानं
पोटात घातला.
वर गाळ अंथरत गेला,
वर्षाला दोन-अडीच मिलिमीटर,
कसलीच घाई नसल्यासारखा.

हे खडकाआडचं, जिथे जाळी पोचत नाहीत.

नमुना क्रमांक सात बाहेरचा,
बाबांच्या नेहमीच्या पट्ट्यातला.
त्यात थरच नाहीत.
वीतभर खोल एकच राखाडी लगदा,
आजोबांचं साल कालच्या सालात कालवलेलं.
माझ्या जन्माचं वर्ष शोधलं, गंमत म्हणून.
नव्हतं.
दारं पुढे गेली की मागे ढग उठतो,
दिवसदिवस खाली बसत नाही,
आणि गाडलेलं पुन्हा पाण्याला लागतं.
गाळातला किडा ते घेतो,
किड्याला कोळंबी, कोळंबीला कॉड,
कॉडला आम्ही,
रविवारी, शेपू आणि नव्या बटाट्यांबरोबर.

मार्चमध्ये बाबा गुडघा दाखवायला शहरात आले.
म्हणाले, बघू तरी काय कापतेस.
तोर्गनी लुंडक्विस्ट, बेचाळीस वर्षं तळावर,
आणि तळ पहिल्यांदाच असा उजेडात.
दोन्ही नळ्या शेजारी धरल्या.
खूप वेळ काही बोलले नाहीत,
मग टोपी काढली, पुन्हा घातली.
"हे आम्ही केलं?"
"पारा गिरणीचा होता, बाबा."
"ते विचारत नाहीये मी."

फ्रिजची मोटर सुरू झाली, थांबली.
मी नळीवर झाकण बसवलं.

त्या रात्री मी त्यांच्याबरोबर घरी गेले.
आईनं वर्तमानपत्र अंथरून मधोमध कोळंबीचा ढीग ओतला,
'हेडविग'चाच, आता माझा भाऊ चालवतो ती.
बाबांनी पहिली सोलली
आणि मी चार वर्षांची असल्यापासूनच्या सवयीनं
माझ्या ताटलीत ठेवली.
मग हात तिथेच राहिला,
उचलावी की राहू द्यावी अशा बेतात.

आकडे मला तोंडपाठ होते.
मी ती पोटात घातली.